ज्योतीचा पिसारा

एकदा एका प्रयोगशाळेत एक वृद्ध शास्त्रज्ञ आणि त्यांची शिष्या ईशानी अवकाशयानाचे विजेवर चालणारे इंजिन घडवीत होते. त्या इंजिनाचा प्राण म्हणजे बोटभर लांबीची एक पोकळ नळी, कॅथोड. तिच्यातून थोडा वायू सोडायचा, वीज लावायची, की वायूचा तेजस्वी प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा लोट, होतो. यान एकदा दूर गेले की नळी बदलायला कोण जाणार? ती वर्षानुवर्षे टिकायलाच हवी. ईशानीची नळी यानावर जाणार की नाही, हे त्या दिवशी ठरायचे होते.

यानावर वायू मोजकाच नेता येतो. म्हणून ईशानीने आठवडाभर खपून वायूचा झोत निम्म्यावर आणला होता. निर्वात पेटीच्या काचेतून पाहिले, तर नळीच्या तोंडाशी निळ्या उजेडाचा पिसारा फुललेला. "सर, वायू अर्धा आणि उजेड दुप्पट," ती म्हणाली. पोरीला अभिमान वाटला, आणि का वाटू नये?

सरांनी वायूची कळ मोकळी करून झोत पुन्हा पूर्ण केला. पिसारा मिटला. एक शांत ठिपका तेवढा उरला.

"माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीत, सर." ईशानीला रडू कोसळायचेच बाकी होते.

यंत्र निवल्यावर सरांनी तिला पेटी उघडायला लावली. नळीपुढे धातूची एक चकती असते. तिच्या गुळगुळीत भोकाच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

"वायू पुरेसा असला की प्लाझ्मा निवांत असतो," सर म्हणाले. "उपाशी ठेवलास, की तो बिथरतो. त्यातले कण वेगाने उलटून आपल्याच घरावर आदळतात आणि धातू झिजवतात. तू पाहिलास तो पिसारा नव्हे, त्याची तडफड होती. नळी तुझी उत्तम आहे, ती यानावर जाईल. पण चालेल ती त्या शांत ठिपक्यावर. दात कोरून पोट भरत नाही गं."

मग तिच्या जेवणाच्या डब्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तुझा डबाही आठवडाभर तसाच परत जातोय. आणि सकाळी फोनवर आईवर खेकसलीस, ते बाहेर ऐकू आलं."

ईशानीने मान खाली घातली. चकतीची खरखरीत कड ती बराच वेळ चाचपत राहिली. मग तिने डबा उघडला, आणि पहिला घास घेण्याआधी आईला फोन लावला.

आपणही फार झगमगू लागलो, की घरातल्या कडा जरा चाचपून पाहाव्यात.