बयजाआक्काचा मुरंबा

खडकमाळ नावाच्या गावात बयजाआक्का नावाची एक सुगरण राहत होती. गावची जमीन अशी, की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. तिथे ऊस होत नसे, केळ होत नसे. माळावर तग धरून होती ती फक्त कवठाची झाडं, काटेरी आणि चिवट. गावकऱ्यांना या आंबट फळाची जरा लाजच वाटे. घरी पाहुणे आले, की ते बाजारातून केळी आणत आणि कवठं पोत्याखाली झाकून ठेवत.

बयजाआक्का मात्र कवठं ओसरीवर मांडून ठेवी. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून चाखायला देई.

कवठ कसं वापरावं, ते तिच्याकडून शिकावं. ती फळ हातभर उंचीवरून जमिनीवर टाकी. उसळलं तर कच्चं, जागच्या जागी बद्दकन बसलं तर पिकलं. कच्च्या फळाचा गर ती चिंचेऐवजी आमटीत घाली. पिकल्या गराची चटणी गूळ, जिरं आणि लाल मिरची घालून वाटी. ती चटणी जिभेला आधी आंबट लागे, मग गोड, आणि गिळल्यावर घशाशी जरासा तुरटपणा राही. पण गावभर नाव होतं ते तिच्या मुरंब्याचं. गर आणि गूळ मातीच्या मडक्यात घालून ती मंद आचेवर ढवळत बसे. मुरंबा असा जमून येई, की पळी उलटी केली तरी पडत नसे. कुणाचा पेरूचा पाक पातळ राहिला, तर ती बाई वाटी घेऊन आक्काकडे येई.

"हा एवढा कवठाचा गर घाल. धरेल बघ," आक्का म्हणे. आणि पाक खरोखरच धरे.

एकदा त्या राज्याची राणी माहेरी जाताना खडकमाळच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबली. आक्काने तिच्या हातावर मुरंबा ठेवला. राणीने तो चाखला, पुन्हा मागून घेतला आणि ती पुढे निघून गेली.

महिन्याभराने राजवाड्यातून निरोप आला. राजाच्या राज्याभिषेकाच्या दिवशी दरवर्षी मोठी पंगत बसे. राज्यातली निवडक गावं आपापला पदार्थ घेऊन येत आणि तो सगळ्या पंगतीला वाढला जाई. खडकमाळला हा मान आजवर कधीच मिळाला नव्हता. यंदा निरोपात लिहिलं होतं, 'खडकमाळने कवठाचा मुरंबा करावा.'

गावात कुणाचा पाय जमिनीवर ठरेना. सोनबा पाटलांनी घरोघरची कवठं गोळा केली. चांगली पिकलेली पाहून दोन बैलगाड्या भरल्या. गाड्या निघाल्या तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा वेशीपर्यंत चालत आली.

राजवाड्याच्या स्वयंपाकघरात कोठीवाल्याने आक्कापुढे तांब्याचं एक पातेलं आणून ठेवलं. ते एवढं मोठं होतं, की आत माणूस बसला असता. बाहेरून असं लखलखत होतं, की आक्काला त्यात आपला चेहरा दिसला.

"आतून कल्हई केलेली आहे ना?" तिने विचारलं. "आंबट शिजवायचंय. कल्हई उडाली असेल तर तांब्यात कळकतं, खाणाऱ्याला बाधतं."

"राजवाड्यातलं भांडं आहे, बाई," कोठीवाला म्हणाला. "परवाच कल्हई झालीय."

घरी आक्का दुसऱ्याचं भांडं आत हात फिरवून पाहिल्याशिवाय चुलीवर ठेवत नसे. पण त्या दिवशी ती त्या झळाळीने भारून गेली. राजवाड्यात येऊन भांडी तपासत बसायचं, तर लोक काय म्हणतील, असंही तिला वाटलं. तिने मान डोलावली आणि गर ओतला.

दिवसभर खपून तिने मुरंबा केला आणि तिथेच मुरायला ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर पंगत बसू लागली. पानं मांडली, पाणी फिरलं. आक्काने झाकण काढून वरचा मुरंबा चाखला. चव ठीक होती. मग तिने पळी तळापर्यंत घातली आणि वर काढली. तळाच्या मुरंब्याला हिरवट झाक होती. तिने कणभर जिभेला लावला आणि लगेच थुंकला. तोंडभर धातूची कडवट चव पसरली होती.

तिने तळ खरवडून पाहिला. कल्हई जागोजागी उडाली होती आणि खालचं तांबं उघडं पडलं होतं.

आक्काने पाटलांना हाक मारली. पाटील धावत आले. काय झालं ते तिने सांगितलं, तेव्हा त्यांच्या कपाळाला घाम फुटला.

"आक्का, वरचा वरचा वाढू," ते हळूच म्हणाले. "थोडा गूळ अजून घाल. एवढ्या पंगतीत कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, पाटील."

"अगं, सात पिढ्यांत पहिल्यांदा आपल्याला बोलावणं आलंय! पुन्हा कोण बोलावील?"

"नाही बोलावलं तर घरी बसू," आक्का म्हणाली. "माझा मुरंबा खाऊन कुणाचं पोट बिघडलं, असं मात्र होऊ देणार नाही. कवठं आपल्या माळाची आहेत, पाटील. त्यांच्या नावावर मी हे वाढायचं?"

आक्काने पदर खोचला आणि ती सरळ राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, मुरंबा कळकला आहे. मी तो वाढणार नाही."

पंगतीत कुजबूज सुरू झाली. काही जण हसले. राजाने विचारलं, "भांडं कुणाचं होतं?"

"भांडं वाड्यातलं, महाराज."

"मग दोष वाड्याचा."

कोठीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. आक्काने त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"कल्हई उडाली, तो भांड्याचा दोष," ती म्हणाली. "पण मुरंबा माझा आहे. आत हात फिरवून बघायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नाही. भांड्याच्या झळाळीला भुलले."

"तर मग आज तुझ्या गावाचा पदार्थ पंगतीत नसेल," राजा म्हणाला.

"नसू दे, महाराज," ती म्हणाली. "पण एक विनंती आहे. त्याच कोठीतून कढीलाही भांडी दिली आहेत. कढीही आंबटच असते. कुणी घास घेण्याआधी ती भांडी बघा."

राजाने वाढणाऱ्यांना हात दाखवून थांबवलं. कढीची पातेली उलटी केली, तर दोन पातेल्यांचे तळ तसेच उघडे निघाले. सगळी कढी फेकून द्यावी लागली. जे मघाशी हसले होते, ते आता आपल्या द्रोणांकडे बघत बसले.

आक्काने परसात खड्डा खणायला लावला. एवढ्या कष्टाचा मुरंबा तिने स्वतः त्यात ओतला आणि जनावरांनी तोंड लावू नये म्हणून वर माती लोटली. माती लोटताना तिचे डोळे भरून आले, पण मान खाली गेली नाही.

ती परत आली, तेव्हा राजा पानावर तसाच बसून होता.

"बाई, गाडीत कवठं उरली आहेत का?"

"आहेत, महाराज. पण नुसतीच आहेत."

"मग नुसतीच आण."

गाडीत पोतंभर कवठं होती. आक्का आणि पाटलांनी ती दगडावर फोडली. प्रत्येक अर्ध्या कवटीत गुळाचा खडा कुस्करून घातला आणि ती पानापानावर ठेवली. राजाने पहिला घास घेतला. आंबटाने त्याचा एक डोळा मिटला, मग गुळाची चव लागली आणि तो हसला. कवटी खरवडून स्वच्छ होईपर्यंत त्याने ती खाली ठेवली नाही.

मग तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून या पंगतीतला पहिला पदार्थ खडकमाळचा असेल. ज्या गावाची सुगरण आपलं बिघडलेलं आपल्या हाताने पुरते, त्या गावचं मी डोळे मिटून खाईन."

"डोळे मिटू नका, महाराज," आक्का म्हणाली. "मी मिटले होते, त्यानेच तर घोटाळा झाला."

सारी पंगत हसली आणि सगळ्यांत मोठ्याने राजा हसला. सोनबा पाटलांनी मात्र डोक्याचं मुंडासं काढून डोळे पुसले. रिकाम्या गाडीत बसून ते गावाकडे निघाले तेव्हा वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "आम्ही खडकमाळचे. आमच्याकडे कवठं पिकतात."

तात्पर्य: आपल्या कामाचा खरा अभिमान ज्याला असतो, तो आपली चूक झाकून वाहवा मिळवत नाही, बिघडलेलं स्वतः टाकून देण्याचं धैर्य दाखवतो, आणि त्यातच त्याचा मान असतो.