ढिगाबाहेरचा दिवस

“हा एक दिवस काढून टाकला तर चालेल ना, बाबा?” आठल्येसाहेबांनी विचारलं.

त्यांच्या मांडीवर लॅपटॉप होता. शेजारी माझ्या भावाची, जानूदादाची वही.

इनायतबाबा दर्ग्याच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते.

साहेब डोंगरावरच्या हवेचा अभ्यास करतात. आमच्या माथ्यावरच्या बावीस वर्षांच्या नोंदी त्यांनी मशीनला दिल्या होत्या. पाऊस, धुकं, वारा, गारवा. आधी बाबा लिहायचे, मग दादा. मशीननं सारखे सारखे दिवस एकत्र करून पाच ढीग केले.

“आठ हजार दिवस मुकाट बसले,” साहेब म्हणाले. “हा एकच बसत नाही. फाल्गुनात एकतीस मिलिमीटर पाऊस, वर श्रावणासारखं धुकं. खाली गावात थेंब नाही. तांदळातला खडा समजा.”

“ते दादाचं शेवटचं पान आहे,” मी म्हणालो.

“माहीत आहे, भागोजी. पण त्याला ताप होता. तापात माणूस काहीही लिहितो.”

त्यांनी पेन उघडलं. मी वही हिसकावली. पान थोडं फाटलं.

खात्री मलाही नव्हती. त्या दिवशी बाबा आणि मी खाली बाजाराला गेलो होतो. संध्याकाळी आलो तर कातळ कोरडा आणि दादा तापानं फणफणलेला. डोलीतून खाली नेला. वाटेतच गेला. आज नववा दिवस.

“बाबा, दादा चुकला का?”



बाबांनी सूप बाजूला ठेवलं. साहेबांकडे वळले.

“वर आलास तेव्हा सुरईतलं पाणी प्यालास. कसं होतं?”

“गोड. घशाला कोरड पडली होती.”

“झरा माघातच आटला. हंड्यातलं पाणी खालच्या विहिरीचं, मचूळ. आणि बाजाराला निघालो तेव्हा सुरई मी पालथी घालून गेलो होतो.”

साहेबांना कळेना. मला कळलं.

भांड्यातला पाऊस मोजून झाला की दादा तो फेकत नसे. सुरईत ओतायचा, वर येणाऱ्यासाठी. दादा गेल्यापासून वर कुणी आलंच नव्हतं, आणि आम्ही हंड्यातलंच पीत होतो.

बाबांनी सुरई कलती केली. पेलाभर निघालं. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं.

मी सगळं प्यालो. गार होतं. पोटात उतरेपर्यंत कळत होतं.

वही मी आपणहून साहेबांना दिली. त्यांनी पेन खिशात घातलं, फाटलेलं पान बोटानं सारखं केलं.

“राहू दे,” ते म्हणाले. मग लॅपटॉपकडे बघत, “पण बाबा, याला घालू कुठल्या ढिगात?”

बाबांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“पिताना विचारलं होतंस का, बेटा?”