कासवाचा पाय आणि साळुंकीचे तोंड

डोहाकाठच्या एका जंगलात एक साळुंकी राहत असे. बोलण्यात तिचा हात धरणारे तिथे कोणी नव्हते. त्या जंगलात रीत अशी, की एकामुळे दुसऱ्याला इजा झाली तर जांभळीखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या गव्यापुढे दावा मांडायचा आणि इजा करणाऱ्याने भरपाई करायची. दुखणाईताला येता येत नसेल, तर त्याच्या वतीने दुसऱ्याने बोलले तरी चाले. गवा रवंथ करत सगळे ऐकून घेई. मात्र रवंथ आटोपून तो उठला, की निकाल लागला. तो दावा पुन्हा मांडता येत नसे. आता मुलांनो, दुसऱ्याच्या वतीने बोलायचे म्हटल्यावर साळुंकी मागे राहील काय? उलट कोणाला काटा जरी बोचला, तरी ही आपली जांभळीवर हजर!

एकदा भर उन्हाळ्यात रानडुक्कर डोहाच्या उतारावर कंद उकरत होते. उकरता उकरता माती ढासळली, एक धोंडा घरंगळला आणि उताराच्या मधल्या टप्प्यावर बसलेल्या कासवाचा पाय चेंगरला. रानडुक्कर आपले कंद खाऊन निघून गेले. ही बातमी साळुंकीच्या कानावर आली मात्र, ती तडक जांभळीवर जाऊन बसली. खाली ही गर्दी जमलेली, रानडुक्करही आलेले! मग काय, तिला चेवच चढला. "आजोबा, बिचाऱ्या कासवदादाचे चारही पाय मोडलेत हो! पाठ दुभंगलीय! या रानडुकराने आपलं कंदांचं सगळं रान त्याला द्यावं आणि जंगल सोडून चालतं व्हावं!" माकडांनी टाळ्या पिटल्या. साळुंकीने ऐटीत मान वेळावली.

गव्याने शहानिशा करायला सशाला धाडले. ससा धावत जाऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, एकच पाय सुजलाय. पाठ धड आहे." टाळ्या पिटणारी माकडेच आता फिदीफिदी हसू लागली. रानडुक्कर गुरगुरले, "ऐकलंत? सगळा कांगावा आहे! मी काही देणार नाही." गव्याचे तोंड हलायचे मंदावले, तो आता उठणार असे दिसू लागले. आपली फजिती झाली याचे साळुंकीला वाईट वाटलेच. पण आपल्या फुशारकीपायी कासवाचा खरा दावाही बुडणार, हे तिच्या आत्ता ध्यानात आले.

"आजोबा, थोडं थांबा! मी कासवदादाला भेटून येते," ती म्हणाली.

"अगं, म्हणजे तू अजून त्याला भेटलीच नव्हतीस?" गव्याने विचारले. साळुंकीने मान खाली घातली. "बरं, जा. माझा रवंथ व्हायच्या आत ये."

कासव करवंदीच्या जाळीखाली पडले होते. "कासवदादा, तुला काय हवंय?" साळुंकीने विचारले. कासवाचे बोलणे त्याच्या चालीसारखेच, एकेक शब्द सावकाश. मधेच तोंड घालायची साळुंकीला इतकी उबळ आली, की तिने चोचीत एक काडीच धरून ठेवली. "पाय बरा होईल गं," कासव म्हणाले. "पण मी ज्या उतारावरून पाण्यात जायचो, तिथे आता उभी दरड झालीय. लंगड्या पायाने उतरता येत नाही. पाणी समोर दिसतं आणि अंग सुकत चाललंय. मला तेवढी वाट करून द्या. रान घेऊन मी काय करू?"

साळुंकी बाणासारखी परतली. गवा पुढचे पाय रोवून उठायच्या बेतात होता. "आजोबा, मी सांगितलं ते खोटं होतं!" तिने सगळ्यांदेखत आपले शब्द मागे घेतले. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण ती थांबली नाही. "पाय एकच चेंगरलाय. पण पाण्याची वाट मोडलीय, आणि पाण्यावाचून कासवदादा जगायचा नाही. त्याला रान नको. त्याला फक्त ती वाट हवीय."

रानडुक्कर ओशाळून म्हणाले, "उतार मीच मोडला. तो माझं सगळं रानच मागतोय असं वाटलं, म्हणून मी हटून बसलो. उकरणं तर मला येतंच. वाटही उकरून देतो."

"पाय बरा होईपर्यंत त्याची पाण्यात ने-आण करणंही तुझ्याकडेच," गवा म्हणाला आणि उठला. निकाल लागला.

दरड ज्या सुळ्यांनी पाडली, त्याच सुळ्यांनी रानडुकराने दिवस मावळायच्या आत छान उतरती वाट केली आणि कासवाला नाकाडाने हळूहळू ढकलत पाण्यापर्यंत नेले. कासव डुबकन पाण्यात शिरले. थोड्या वेळाने त्याने डोके वर काढले आणि काठावर बसलेल्या साळुंकीला म्हणाले, "साळुंकीताई, आज गप्पशी? बोल की काहीतरी!"

साळुंकी म्हणाली, "आज तू बोल, दादा. मी ऐकते."

तात्पर्य : दुसऱ्याच्या वतीने बोलायचे, तर आधी त्याचे ऐकून घ्यावे; फुगवलेल्या गाऱ्हाण्याने खरे दुःखही खोटे ठरते.