भिवरामायचा पंजा

फार वर्षांपूर्वी, आमच्या डोंगरखेडीत मँगनीजची खाण चालत होती तेव्हाची ही गोष्ट. गावात चूल घालावी ती भिवरामायनेच. तिच्या चुलीत ओलं लाकूडही पेटायचं, असं म्हणतात. चूल झाली की ती ओल्या मातीवर आपला पंजा उठवायची.

खाणीच्या तोंडाशी वाफेवर चालणारा मोठा पंखा होता. तो आत वारा ढकलायचा आणि दिवसाला चार गाड्या लाकूड खायचा. तरी सगळ्यात खालच्या बोगद्यात वारा पोचत नसे. तिथे भिवरामायचा नवरा डोमा खणायचा. वर यायचा तेव्हा त्याचे ओठ निळे असत. एक दिवस मालकाने सांगितलं, लाकूड परवडत नाही, पोळ्यापासून पंखा अर्धाच चालेल. म्हणजे डोमा काही वाचत नाही, हे तिला कळलं.

ती मालकासमोर उभी राहिली. "चुलीले चार भोकं ठेवली त जाळ भांड्याले कसा लागन? तुमचा वारा रिकाम्या बोगद्यात भटकून रायला. मले आत जाऊ द्या."

मालकाने जाऊ दिलं. आत जाऊन तिने राळेचा धूर केला आणि ती त्याच्या मागे मागे चालली. धूर ज्या ओस बोगद्यात वळे, तो ती दगडमातीने लिंपून बंद करी आणि वर पंजा उठवी. पहिल्याच दिवशी भरात येऊन तिने वारा बाहेर पडायची वाटही लिंपली, आणि सगळा धूर तिच्याच तोंडावर आला. चुली घालणारी बाई धुराडं विसरली, म्हणून डोमा जन्मभर हसला. तिने ती भिंत फोडली.

पोळ्याला पंखा अर्धा झाला. खालच्या बोगद्यात ती दिवा घेऊन डोमाजवळ उभी राहिली. ज्योत हलेना. भीतीने डोमाने श्वास रोखून धरला. मग ज्योत वाकली, आणि भर पावसाळ्यात मोहाच्या फुलांचा वास आला, असं म्हणतात. नवऱ्याचं नाव कधी न घेतलेली ती बाई म्हणाली, "डोमा, श्वास घे."

खाण केव्हाच बंद पडली. घरोघरी गॅस आला, तरी नव्या स्वयंपाकघरात आधी ओल्या मातीचा पंजा उठतो. पोळ्याच्या संध्याकाळी बायका खाणीच्या तोंडाशी दिवा धरतात. ज्योत वाकेपर्यंत कोणी बोलत नाही. ती वाकली की प्रत्येकजणी आपल्या माणसाचं नाव घेते, अगदी साधं, आणि त्याला श्वास घ्यायला सांगते.