रावसाहेबांचा गुळगुळीतपणा

खूप वर्षांपूर्वी एका गिरणीतल्या दळणाच्या दगडाला आपल्या तुकतुकीत अंगाचा भारी तोरा होता. पट्टा त्याला म्हणे, "काय गुळगुळीत दिसता हो, रावसाहेब!" आणि पोत्यांच्या कानाला लागे, "म्हातारा पार कामातून गेलाय."

एकदा चाळण तोंडावर म्हणाली, "रावसाहेब, पीठ भरड येतंय. छिन्नीनं टाकी लावून अंग खरबरीत करून घ्या, पुन्हा बारीक दळाल."

"माझ्या अंगावर छिन्नी? उद्धट कुठली!" दगड खवळला. पट्ट्यानं लगेच चाळणीला कोपऱ्यात भिरकावलं.

भरड पिठामुळे गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली. मालकानं नवा दगड बसवला. पट्टा त्याच्यापुढे लाळ घोटू लागला.

रावसाहेब आता दाराबाहेर, पायरीच्या जागी. येणारे-जाणारे घसरून करवादतात, "केवढा गुळगुळीत आहे हा!"

रावसाहेब ती स्तुतीच समजतात.