होडीची फट बुजेना

खाडीच्या काठी चिखल. चिखलात होडी. होडीत राहायची एक इवलीशी उंदरी. तिचं नाव टिकली.

टिकलीला एकच बाळ. बाळाला पेंढ्याचं अंथरूण.

एका सकाळी भरती आली. होडीच्या तळाला फट पडली होती. फटीतून पाणी आलं. बुळुक बुळुक, बुळुक बुळुक. पेंढा वाहून गेला. बाळ भिजलं. थरथर कापू लागलं.

टिकलीने बाळाला उंच फळीवर ठेवलं. "इथेच थांब हं."

ओहोटी लागली. पाणी उतरलं. पण संध्याकाळी ते पुन्हा येणार होतं.

काठावर धर्माजी तांडेल बसले होते. होडी त्यांचीच. गळक्या होडीतून जाणार कुठे? तोंड उतरलेलं.

"तांडेलआजोबा, फट बुजवा."

"कशाने बुजवू? चिखल लावला, तर वाहून जातो. मेण लावलं, तर उन्हात वितळतं. राळच हवी. झाडाचा घट्ट चीक. माझी राळ संपली. राळ आण, मग बुजवतो."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिकली झाडाकडे गेली.

"झाडा झाडा, राळ दे.
राळ मिळेना, फट बुजेना.
फट बुजेना, बाळ निजेना."

झाड कण्हलं. "भुंगे मला पोखरतात. कुरकुर, कुरकुर. भुंगे हटव, मग राळ देतो."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिकली सुतारपक्ष्याकडे गेली.

"पक्ष्या पक्ष्या, भुंगे टिप.
भुंगे हटेनात, राळ मिळेना.
राळ मिळेना, फट बुजेना.
फट बुजेना, बाळ निजेना."

पक्षी अंड्यांवर बसून होता. "उठलो तर अंडी गार पडतील. कशी सोडू? कापूस आण, मग येतो."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिकली कापशीकडे गेली.

"कापशी कापशी, कापूस दे.
पक्षी येईना, भुंगे हटेनात.
भुंगे हटेनात, राळ मिळेना.
राळ मिळेना, फट बुजेना.
फट बुजेना, बाळ निजेना."

कापशीची बोंडं मिटलेली. "ऊन नाही, तर बोंड फुटत नाही. ढग हलव, मग कापूस देते."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिकली टेकडीवर चढली. वर काळा ढग.

"ढगा ढगा, बाजूला हो.
बोंड फुटेना, पक्षी येईना.
पक्षी येईना, भुंगे हटेनात.
भुंगे हटेनात, राळ मिळेना.
राळ मिळेना, फट बुजेना.
फट बुजेना, बाळ निजेना."

ढग म्हणाला, "मला पाय नाहीत. वाऱ्याला उठव, मग हलतो."

वारा कातळामागे गप्प पडला होता.

"वाऱ्या वाऱ्या, ऊठ रे.
ढग हलेना, बोंड फुटेना.
बोंड फुटेना, पक्षी येईना.
पक्षी येईना, भुंगे हटेनात.
भुंगे हटेनात, राळ मिळेना.
राळ मिळेना, फट बुजेना.
फट बुजेना, बाळ निजेना."

वारा हळूच म्हणाला, "मी आलो की सगळे दारं लावतात. जवळ कोणी बसतच नाही. तू थोडी बस, मग उठतो."

टिकलीला घाई होती. पाणी येणार होतं. तरी ती बसली. अगदी जवळ.

मग वारा उठला. सूं सूं, सूं सूं.

वाऱ्याने ढग हलवला. ऊन पडलं. बोंडं फुटली. कापशीने एक बोंड पक्ष्याला दिलं, एक टिकलीला. पक्ष्याने अंडी झाकली. भुंगे टिपले. टक टक टक. झाडाने राळ दिली. ठिपक ठिपक.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिकली परत आली.

तांडेल उठले. उन्हाने तळाची फळी वाळली होती. त्यांनी फट खरवडली. खरड खरड. कापसाची वात वळली. फटीत ठोकली. ठक ठक. राळ तेलात कढवली. रट रट. वरून चोपडली.

"हात लावू नकोस गं. पोळेल. सुकू दे."

दोघं राळ सुकायची वाट बघत बसली.

संध्याकाळी पाणी आलं. लपक लपक. फळीपाशी आलं. फटीपाशी आलं. टिकलीने बाळाला घट्ट धरलं.

पाणी आत आलं नाही.

तांडेलांनी होडीवर नुसता हात ठेवला. बाळ अजून हुंदके देत होतं. एक हुंदका. मग एक बारका हुंदका. मग बाळ निजलं.

राळ बसली, फट मिटली.
होडी तरली, गोष्ट सरली.