मुठीखालचा गंज

आपल्या पणजोबांचे पणजोबाही जन्माला आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. जपानच्या दोन बेटांवर दोन राजे राज्य करत. मध्ये एवढीशी खाडी, पण दोघांचे क्षणभरही पटत नसे. लढून लढून दमले, तेव्हा त्यांनी तह केला. पलीकडच्या राजाने आपली तीनशे वर्षांची वडिलोपार्जित तलवार अलीकडे ठेवायला दिली. अलीकडच्या राजाने आपली दहा माणसे ओलीस म्हणून पलीकडे पाठवली. बारा वर्षे कोणी कुरापत काढली नाही, तर तलवार तिकडे जाईल आणि माणसे घरी येतील, असे ठरले.

ओलिसांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. एक चिठ्ठी एका शिकलगाराच्या आठ वर्षांच्या लेकीची निघाली. शिकलगार म्हणजे जुन्या तलवारी घासूनपुसून नीट करणारा कारागीर. बायको आधीच वारलेली, घरात ही एकच पोर. होडी दिसेनाशी झाली तरी तो किनाऱ्यावर उभा होता.

बारा वर्षे कशीबशी सरली. आठवडा उरला, तेव्हा प्रधानाने ती तलवार शिकलगाराकडे आणली. या प्रधानाला सारे राज्य टरकून असे. गेल्याच महिन्यात दरबारी झग्यावर एक सुरकुती राहिली, म्हणून त्याने परटाला बुरुजावरून ढकलून दिले होते.

शिकलगाराने पाते लखलखीत केले. प्रधानाने ते उन्हात धरून पाहिले आणि म्हणाला, "मूठ काढ."

मूठ निघाली. आतला पात्याचा भाग गंजाने काळाकुट्ट झाला होता.

"हे काय? गंज?"

"सरकार, तो... तो जुना आहे."

"जुना आहे म्हणून ठेवायचा? उद्या ते म्हणतील, यांना आमची तलवार सांभाळता आली नाही! चकचकीत कर. परटाचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

आता नीट ऐका. या धंद्यातला पहिला धडा काय, तर पाते हवे तेवढे घासा, पण मुठीखालच्या गंजाला बोट लावू नका. तलवार किती जुनी, हे पारखी त्या गंजावरूनच ठरवतो. तो गेला की तलवारीचे वयच पुसले जाते. शिकलगाराला हे पक्के ठाऊक होते. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण बुरुजावरून ढकललेला परीट डोळ्यांपुढे आला. 'मीच मेलो, तर लेक आल्यावर भेटणार कुणाला?' असे त्याने मनाला समजावले.

"जी सरकार," तो म्हणाला.

तीन दिवस तो घासत होता. तीनशे वर्षांचा गंज पाण्याबरोबर गटारात गेला.

ठरल्या दिवशी होडी धक्क्याला लागली. आठ वर्षांची गेलेली लेक वीस वर्षांची होऊन आली होती, तरी बापाने तिला एका नजरेत ओळखले. पण तलवारीची पारख झाल्याशिवाय कोणालाही खाली उतरू देणार नव्हते.

पलीकडचा म्हातारा पारखी खाली आला. त्याने पाते न्याहाळले आणि मान डोलावली. मग मूठ काढली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"ही आमची तलवार नाही."

शिकलगार धावत पुढे आला. "तीच आहे हो! गंज मी काढला. या हातांनी काढला. प्रधानजींनी सांगितलं होतं!"

"मी?" प्रधान थंडपणे म्हणाला. "मी असलं काही बोललो नाही."

पारख्याने शिकलगाराकडे पाहिले. "होडीत तुझं कोण आहे?"

"माझी लेक."

"मग तू काहीही बोलशील. मीही बोललो असतो. पात्याची नक्कल होते, बाबा, तीनशे वर्षांच्या गंजाची होत नाही. खोटी तलवार नेली, तर माझं डोकं धडावर राहायचं नाही. तह मोडला. ओलीस आता आमच्याकडेच राहतील."

दोर सुटले. "बाबा!" अशी एकच हाक आली. त्यानंतर वल्ह्यांचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

धक्क्यावर आलेल्या अलीकडच्या राजाने शिकलगाराला विचारले, "गंज काढायचा नसतो, हे तुला माहीत होतं. मग त्याच वेळी माझ्याकडे का आला नाहीस?"

"भीती वाटली, महाराज."

"कशाची?"

शिकलगाराने दूर गेलेल्या होडीकडे पाहिले. "लेकीची भेट व्हायची राहील, याची."

तात्पर्य : बोलायच्या वेळी भीतीने गिळलेले खरे, वेळ गेल्यावर कितीही ओरडून सांगितले तरी कोणाला पटत नाही.